नसलेल्या ड्राइव्हचा ताप

आमच्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. मी दुकानदाराकडे तसं बोललो, तेव्हा भर लक्ष्मी रोडवर टांग्याचा अड्डा विचारणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काका, आता सीडी कोण वापरतं?" मी वापरतो, असं म्हणायचं धाडस मला काही झालं नाही.

खरं म्हणजे मीही वापरत नव्हतोच. माझ्याकडे होती ती सीडीची 'इमेज'. (इमेज म्हणजे सीडीचा फोटो, अशी आमच्या हिची समजूत होती. माझीही होती, पण मी बोललो नव्हतो.) आमचे अण्णा वाड्यातल्या गणपतीत दरवर्षी तासभर बोलायचे. त्या भाषणांच्या कॅसेटींवरून कुणीतरी एक सीडी करून दिली आणि पुढे सीडीलाही बुरशीचे डाग दिसू लागले. तेव्हा, २००९ साली, आमच्या भाच्यानं ती सीडी सेक्टर न् सेक्टर उचलून एका फाइलीत उतरवून ठेवली. अशी फाइल उघडायची म्हणजे संगणकाला चक्क थाप मारायची, की बाबा रे, तुला एक ड्राइव्ह आहे आणि त्यात सीडी घातलेली आहे. संगणक भोळा असतो. तो विश्वास ठेवतो.

ही थाप मारणारं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, एवढंच मी चार जणांना विचारलं. जावयाला घड्याळ कुठलं द्यावं असं विचारल्यावरसुद्धा लोक इतक्या आवेशानं बोलत नाहीत! भाचा म्हणाला, "मामा, तू ते मोठंच टाक. त्यात इमेज उघडता येते, करता येते, बदलता येते, जाळतासुद्धा येते." मला काहीही जाळायचं नव्हतं. मला अण्णांना ऐकायचं होतं.

आता माझं भांडण ऐका. आपल्याकडे सॉफ्टवेअर निवडताना त्यात काय काय आहे ते पाहतात, आपल्याला काय हवंय ते कुणी पाहत नाही. शिवाय ते फुकट असलं की संपलंच. मीही त्या मोहात पडलो. एक मोठं, फुकट असं काहीतरी उतरवून घेतलं आणि माणूस विम्याच्या कागदांवर सह्या करतो तसा 'पुढे, पुढे' दाबत गेलो. शेवटी ब्राउझरच्या कपाळावर एक नवी पट्टी आली, शोधायचं पान बदललं आणि संगणकाचा वेग वाढवून देणारा कुणी एक गृहस्थ बिऱ्हाडाला आला. त्यामुळे संगणक मंद झाला. ड्राइव्ह तेवढा कुठं दिसेना.

यात गंमत अशी, की निम्म्याअधिक लोकांना हे काही टाकायची गरजच नाही. विंडोज ८ आलं २०१२ साली. तेव्हापासून आयएसओ फाइलीवर दोनदा टिचकी मारली की नवा ड्राइव्ह आपोआप उगवतो. मॅकवरही तसंच. लिनक्सवाल्यांना तर एक ओळ टाइप केली की पुरते (आणि मग ते आपल्याला तासभर त्या ओळीबद्दल सांगतात). तरी विंडोज एक्सपीच्या काळातला सल्ला आजही लोक वडिलोपार्जित भांड्यासारखा पुढच्या पिढीच्या हाती देतात. संरक्षणाचं कुलूप घातलेल्या जुन्या खेळांसाठी डेमन टूल्स, अल्कोहोल १२०% अशी बडी मंडळी लागत, हे मला मान्य आहे. पण मी खेळ खेळत नाही. पत्तेसुद्धा दिवाळीतच.

माझी फाइल मात्र आयएसओ नव्हती. ती निघाली एनआरजी, म्हणजे नीरोच्या घरची. अल्कोहोलवाल्यांची एमडीएफ वेगळी, क्लोनसीडीवाल्यांची सीसीडी वेगळी. १९८८ सालापासून सीडीवरच्या फाइलींसाठी आयएसओ ९६६० नावाचं सर्वांना चालणारं माप आहे, तरी तिच्या इमेजसाठी प्रत्येकानं आपापलं पायली-मापटं काढलं! मी हुशारी करून फाइलीचं आडनाव बदलून आयएसओ करून पाहिलं. विंडोजनं फाइल खराब आहे म्हणून सांगितलं. नुसतं नाव बदलून कोकणस्थ होता येत नाही.

शेवटी मी एकच कसोटी लावली. असलं सॉफ्टवेअर आपला एक ड्रायव्हर विंडोजच्या पार गाभाऱ्यात नेऊन बसवतं. तेव्हा आत जाणारा माणूस कमी बोलणारा, एकच काम करणारा आणि पिशवी उघडून दाखवणारा हवा. मेंढीचं चित्र असलेलं व्हर्च्युअल क्लोनड्राइव्ह स्वभावानं गरीब वाटलं, पण त्याचा जीव आयएसओ, सीसीडी अशांत. माझी एनआरजी त्याच्या यादीत दिसेना. विनसीडीइम्यू मात्र लहानसं, फुकट आणि मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना वाचायला खुला असलेलं. एनआरजीही घेतं. ते टाकलं. पट्टी नाही, पाहुणा नाही. भाचा नाराज झाला. "मामा, ह्यात काहीच नाही रे!" म्हटलं, म्हणूनच घेतलं.

टिचकी मारली. 'जी' नावाचा नसलेला ड्राइव्ह दिसू लागला. पहिल्यांदा आतल्या सगळ्या फाइली साध्या फोल्डरमध्ये उतरवून घेतल्या, म्हणजे पुन्हा हा द्राविडी प्राणायाम नको. मग पहिली फाइल लावली. बराच वेळ नुसती खरखर, कुणाचं तरी खोकणं, खुर्ची सरकवल्याचा आवाज. आणि मग अण्णा.

"मागं ऐकू येतंय का?"

ही स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "येतंय, अण्णा."