मुदत संपलेला संगणक जाळ्यास जोडावा काय?

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकास फरदडीचा धोका निराळा सांगावयास नको. हंगाम संपूनही उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढील वर्षी तिचा उपद्रव फरदड ठेवणाऱ्यापुरता न राहता सबंध शिवारास होतो. 2017 च्या हंगामात जिल्ह्याने बोंडअळीचा प्रताप पाहिला. त्याच वर्षी संगणकांच्या बाबतीतही असेच काही घडले.

12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम सुमारे 150 देशांत पसरला. संगणकातील कागदपत्रे कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. विंडोज प्रणालीतील ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्चमध्येच दिली होती; ती न बसविलेले संगणक त्यास बळी पडले. कोणी काही उघडण्याची वाटही तो पाहत नसे. जाळ्यातील एका संगणकातून तो आपोआप दुसऱ्यात जाई. पुढे 27 जून रोजी त्याच छिद्राचा उपयोग करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने आपल्या राज्यातील न्हावा-शेवा बंदराच्या एका टर्मिनलचे काम बंद पाडले.

ग्रामपंचायत वा सेवा सहकारी संस्थेत जुना संगणक असला की "चालतो आहे, तर चालू द्या" असे म्हटले जाते. यंत्र चालते यात वाद नाही. परंतु विंडोज 7 च्या सुरक्षा-दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 च्या सर्वसाधारण दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. त्यानंतर सापडणारे छिद्र तसेच उघडे राहते. अँटिव्हायरस बसविला म्हणजे भागले, हा समजही भ्रामक होय. कुंपण मोडलेल्या शेतास एकटा राखणदार कितीसा पुरणार? खेड्यातील यंत्राकडे कोण बघतो, असेही काही जण विचारतात. अळी सातबारा पाहून शेत निवडत नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर संस्थेची कर्जखाती कुलूपबंद झाली, तर सचिवाची अडचण होईलच, पण खरी झळ सभासदास बसेल.

म्हणून असा संगणक जाळ्यास जोडू नये, हेच योग्य. तो भंगारातही घालावयास नको. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम व सुरक्षेची विशिष्ट चिप लागते, ती फार जुन्या यंत्रात नसते. तेथे सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही मोफत प्रणाली, यंत्रास पेलेल अशी चालू आवृत्ती पाहून, बसविता येईल. मात्र अंगठ्याचे यंत्र व डिजिटल सही तिच्यावर चालते की नाही, हे आधी पडताळावे. जुन्या हिशेबासाठी जुनी प्रणालीच ठेवणे भाग असेल, तर केबल काढावी, वायफाय बंद करावे आणि माहितीची ने-आण नव्या संगणकावर तपासलेल्या पेन ड्राइव्हनेच करावी.

नोंदींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. संगणकास जोडलेली राहिल्यास तीही त्याच कुलपात सापडते.