पपई ठेचा, पण मासळीची नक्कल नको



आपल्या बायकांच्या ग्रुपवर हल्ली दर आठवड्याला एक नवा 'जैन' पदार्थ जन्माला येतो. जैन पिझ्झा आणि जैन पावभाजी आता जुन्या झाल्या. मग जैन थाई करी आली, जैन सुशी आली आणि सध्या 'जैन लाओ सॅलड' फिरतं आहे. कच्च्या पपईचं, आंबट-तिखट. पदार्थाला माझी अजिबात हरकत नाही. उलट आपल्या घरात तो सहज बसेल असाच आहे. हरकत आहे ती त्याच्या साहित्यात लिहिलेल्या एका बाटलीला: 'व्हीगन फिश सॉस, दोन चमचे'.

आधी तो पदार्थ नीट समजून घेऊ. लाओस हा थायलंड आणि व्हिएतनामच्या मधला देश. त्याला समुद्रकिनारा नाही, मेकाँग नदी हीच त्याची माय. तिथे या पदार्थाला 'ताम माक हूंग' म्हणतात. 'ताम' म्हणजे ठेचणं आणि 'माक हूंग' म्हणजे पपई. म्हणजे सरळ मराठीत ठेचलेली पपई! सॅलड हे नाव नंतर इंग्रजीने चिकटवलं. गंमत अशी की पपई, मिरची आणि टोमॅटो ही तिन्ही मुळात अमेरिका खंडातली. तिकडे आपल्यासारखीच बाहेरून आली आणि घरची होऊन बसली. तेव्हा यात पारंपरिक काय असेल तर ते ठेचणं. लाओ बायका काकडी ठेचतात, कैरी ठेचतात, चवळीच्या कोवळ्या शेंगाही ठेचतात. काकडीचं 'ताम' म्हणजे मला तरी आपल्या चोचवलेल्या काकडीची लांबची बहीणच वाटते.

हॉटेलात आपण जे शेंगदाणे घातलेलं गोडसर पपई सॅलड खातो, ते बँकॉकच्या वळणाचं. लाओ पद्धतीत दाणे नसतात, गोडी कमी असते आणि सगळा भर असतो 'पादेक'वर. पादेक म्हणजे नदीची मासळी मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात घालून महिनोन् महिने मुरवलेला काट. समुद्र नाही, वर्षभर ताजी मासळी नाही, म्हणून ती टिकवायची ही त्यांची रीत. शिवाय लसूण असतो, कधी कोळंबीचा लगदा, कधी शेतातला खेकडाही ठेचून घालतात. म्हणजे आपल्या दृष्टीने निम्मं साहित्य पहिल्याच फेरीत बाद.

यावरून नाक मुरडायचं कारण नाही. तिथले बौद्ध भिक्षू पावसाळ्यात तीन महिने एका जागी थांबतात, आपल्या साधू-साध्वींचा चातुर्मास असतो तसे. दुपारनंतर जेवत नाहीत. भिक्षेत मासळी आली तर मात्र ती घेतात. त्यांची वाट त्यांची, आपली आपली.

आता त्या बाटलीविषयी. माझी सून म्हणाली, "आई, त्यात मासा नाहीच ना, मग बिघडलं कुठे?" प्रश्न रास्त आहे. त्याचं माझं उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग कोरडा, हिशेबाचा. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. मासळीची चव माशाशिवाय आणायची तर बहुतेक वेळा समुद्री शेवाळ, अळंबी किंवा आंबवलेलं सोयाबीन वापरतात. शेवाळ आणि अळंबी आपण अनंतकायात मोजतो. आणि जे महिनोन् महिने आंबत ठेवलेलं आहे, ते आपल्या मर्यादेत कुठे बसतं? 'व्हीगन' लिहिलं म्हणजे 'जैन' झालं, असं नव्हे. व्हीगन माणूस बटाटा खातो, लसूण खातो. ती दोन वेगळी खाती आहेत. एकाची जमा दुसऱ्यात दाखवली की ताळेबंद जुळल्यासारखा दिसतो, पण जुळलेला नसतो.

दुसरा भाग मनाचा आहे. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. आई चंद्रमतीच्या आग्रहाखातर त्याने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा एक थेंब सांडला नाही. तरी मायलेकरांना किती जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत भोगावे लागले! भावहिंसा म्हणजे काय, हे मला त्या कथेतून जितकं कळलं तितकं कुठल्या व्याख्येतून कळलं नाही. पिठाला कोंबडा म्हणणं आणि शेवाळाच्या पाण्याला मासा म्हणणं यात मला फार अंतर दिसत नाही. जो माणूस मांसाहार सोडू पाहतो, त्याला अशी नक्कल पायरीसारखी उपयोगी पडत असेल. त्याने खुशाल वापरावी, मी त्याचं अभिनंदनच करेन. पण ज्या घरात सात पिढ्या मासा शिजला नाही, तिथे त्याच्या चवीची उणीव भासावी कशी? जे चाखलंच नाही त्याची आठवण कुठून येते? ती येते व्हिडिओतून. आणि मग लेकरांना वाटायला लागतं की आपलं जेवण म्हणजे दुसऱ्याच्या जेवणातून काहीतरी वजा केलेलं.

सूनबाईला हे सगळं पटलं असं नाही. "यज्ञात बळी देणं वेगळं आणि सॉस घालणं वेगळं," असं तिचं मत आहे. असू दे. पण पपई आम्ही दोघींनी बाटलीशिवायच केली, आणि ती जमते कशी ते सांगते.

चार माणसांना अर्धा किलो कच्ची पपई पुरते. पपई दगडासारखी घट्ट हवी, आतला गर पांढरा-हिरवट. किंचित केशरी झाली असेल तर ती भाजीला ठेवा. सालीवर उभे चरे पाडून चीक गळू द्या, मग धुऊन सोला. हाताला चीक लागला की काहींना खाज सुटते, तेव्हा तेल लावा. लाओ बायका पपई हातात धरून तिच्यावर सुरीने उभे घाव घालतात आणि मग वरचे वर पातळ काप काढतात. लुआंग प्रबांग या त्यांच्या जुन्या राजधानीत तर चांगले रुंद, रिबिनीसारखे काप घालतात. किसणीचा मोह टाळा. बारीक किसाचा ठेचल्यावर लगदा होतो. काप थंड पाण्यातून काढून निथळत ठेवा.

एक महत्त्वाचं: लेकीला-सुनेला दिवस गेले असतील तर कच्ची पपई देऊ नका. तिच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून डॉक्टरही ती टाळायला सांगतात. हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं.

लाओ उखळ मातीचं, खोल, आणि मुसळ लाकडी. म्हणून पपई चेचली जाते, तिचा चुरा होत नाही. आपला लोखंडी खलबत्ता नको, लिंबाने चव बिघडते. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आणि लाटण्याचं टोक यांनी उत्तम काम होतं. आधी तीन हिरव्या मिरच्या, मीठ आणि चमचाभर गूळ ठेचा. मग चवळीच्या आठ-दहा कोवळ्या शेंगांचे बोटभर तुकडे घालून नुसते फुटेपर्यंत ठेचा. शेंगा आतून निवडून घ्या, कीड लपलेली असते. मग दोन टोमॅटोंच्या फोडी हलक्या दाबा, आणि शेवटी पपई. एका हाताने ठेचायचं, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर करायचं. वरून एका लिंबाचा रस आणि चमचाभर चिंचेचा कोळ. कोकणातल्या मैत्रिणींनी अंबाडे मिळाले तर तेच ठेचून घालावेत. त्याच जातीचं आंबट फळ लाओ लोकही घालतात, त्याला 'माक कोक' म्हणतात.

गाजर घालू नका, ते आपलं नाही आणि त्या पदार्थाला गरजेचंही नाही. लसणाच्या जागी हिंगही नको. हिंग पडला की ती आपली नेहमीची कोशिंबीर होते. मग खोली कशाने आणायची? मी चमचाभर तांदूळ कोरडे, बदामी रंगावर भाजून भरड कुटते आणि वरून भुरभुरते. भाजून कुटलेले तांदूळ लाओ स्वयंपाकात दुसऱ्या पदार्थात असतात, या नाही. ही माझी जोड आहे, आणि मी ती तशीच सांगते.

म्हणूनच या पदार्थाला मी 'लाओ सॅलड' म्हणत नाही. पादेक काढला, लसूण काढला, तांदूळ घातला. मग लाओ बाईने त्याला आपला का म्हणावं? घरी आम्ही 'ठेचलेली पपई' म्हणतो. कुणी विचारलं तर ठेचायची रीत लाओसची आहे, हे मात्र आवर्जून सांगते. मंडळाच्या पाककृती स्पर्धेतही असं लिहिलं तर गुण कमी होऊ नयेत, अशी परीक्षकांना विनंती.

मुलं थायलंड-लाओसला फिरायला जातात त्यांच्यासाठी थोडं. तिकडे 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर मांस काढतात, पण फिश सॉस राहूनच जातो. 'जे' हा शब्द सांगायला शिकवा. चिनी बौद्ध परंपरेतलं ते खाणं. त्यात मांस-मासा तर नसतोच, पण कांदा-लसूणही नसतो. थायलंडमध्ये पिवळ्या निशाणावर लाल अक्षरात तो शब्द लिहिलेला असतो. मात्र कंदमुळं त्यात चालतात, ते वेगळं सांगावं लागतं. आणि ठेचलेली पपई असेल तर उखळ विचारा. दिवसभर ज्यात पादेक ठेचला त्याच उखळात आपली पपई ठेचली तर शब्दाचा काय उपयोग? परदेशातून आणलेल्या बाटल्यांवर आपला हिरवा ठिपका नसतो, त्यामुळे थाई करीच्या पेस्टमध्येही कोळंबी आहे का ते वाचूनच उघडा.

अष्टमी-चतुर्दशीला ज्यांच्याकडे हिरवं बंद असतं, त्यांना हा पदार्थ अर्थातच नाही. एरवी संध्याकाळच्या जेवणात, दिवस मावळायच्या आत, पानं मांडून झाल्यावर ठेचायला घ्या. लाओसमध्येही गिऱ्हाईक समोर बसल्यावरच ठेचतात. पाव तासात पपईला पाणी सुटतं आणि कुरकुरीतपणा जातो, त्यामुळे उरवून ठेवायचा प्रश्नच नाही. तिकडे सोबत वाफवलेला चिकट भात असतो, हाताने गोळा करून खायचा. आपला इंद्रायणी तितका चिकट होत नाही. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात, आणि सूनबाई पातेल्यात उरलेलं आंबट पाणी वाटीत ओतून घेते.