दुखणे आधी सरते, बळ मागाहून येते

घरातील कुत्र्याच्या मागच्या पायाची टाचेवरील कंडरा तुटली आणि शस्त्रक्रियेने ती जोडली गेली, की घरच्यांना हायसे वाटते. खरे काम मात्र त्यानंतर सुरू होते, आणि ते बहुधा दिवसभर घरी असणाऱ्या ज्येष्ठांच्या वाट्याला येते.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर. तिला रक्तपुरवठा कमी असल्याने ती सावकाश भरून येते. सहा आठवड्यांनी तिचे बळ मूळच्या निम्म्याच्या आसपास असते. वर्षानंतरही ते पूर्ववत झालेले नसते. दुखणे मात्र फार आधी ओसरते. कुत्रा पाय टेकू लागतो, शेपूट हलवीत दाराशी उभा राहतो आणि आपले मन विरघळते. जोडलेली कंडरा पुन्हा तुटण्याचा धोका नेमका तेव्हाच असतो.

म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे, पायाला प्लास्टर किंवा स्प्लिंटचा आधार असताना, त्याला लहानशा जागेत ठेवावे. शी-शूपुरते बाहेर न्यावे, तेही आखूड पट्ट्याने. गुळगुळीत फरशीवर न सरकणाऱ्या चटया अंथराव्यात. आधार डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात. त्यानंतर पाच मिनिटांच्या संथ चालीने आरंभ करून त्यांच्या सल्ल्यानेच वेळ वाढवावा. जिना, सोफा आणि धावणे यांना आणखी काही महिने मज्जाव असावा. हालचाल कमी असल्याने आहारही डॉक्टरांना विचारून बेताचा ठेवावा. वाढलेले वजन त्याच पायावर येते.

प्लास्टरबाहेर दिसणारी बोटे रोज पाहावीत. ती सुजली, गार पडली, मधली दोन नखे एकमेकांपासून फाकली, दुर्गंधी आली किंवा कुत्रा प्लास्टर सतत चावू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पावसात प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि घरी येताच काढावी. आपल्या डब्यातील वेदनाशामक गोळी त्याला कदापि देऊ नये. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी औषधे कुत्र्यांना घातक ठरतात.

आता आपल्याविषयी. त्याला उचलू नये. जुन्या लुगड्याची घडी पोटाखालून घेऊन मागचा भार सावरता येतो. कुत्रा थोराड असल्यास हे काम तरुणांवर सोपवावे. पट्टा मनगटाभोवती गुंडाळू नये. एका हिसक्याने आपणच पडू. त्याचे अंथरूण रात्री न्हाणीघराकडे जाण्याच्या वाटेत नसावे.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर असते, हे आपण अनुभवाने जाणतो. कुत्र्याला ते सांगता येत नाही. म्हणून नातवंडांनी कितीही आग्रह धरला, तरी डॉक्टर सांगेपर्यंत पट्टा सोडू नये.