फ्यूज बदला, पण आकडा बदलू नका



मागच्या वेळी टायरमधल्या हवेबद्दल बोललो. आज नखाएवढ्या वस्तूबद्दल बोलू. बेळगावहून गोव्याला निघालात, चोर्ला घाटात धो धो पाऊस आणि नेमका वायपर बंद पडला. जवळ गॅरेज नाही, फोनला रेंज नाही. बिघाड मोठा असेलच असं नाही. कदाचित फक्त फ्यूज उडाला असेल, आणि तो बदलायला पाच मिनिटं पुरतात.

जुन्या घरांत मीटरजवळ चिनी मातीचे फ्यूज असत. लाईट गेली की घरातलं कुणीतरी मेणबत्ती धरायचं आणि दुसरं कुणी फ्यूजला तार बांधायचं. तुम्ही एमसीबीच्या काळातले, त्यामुळे हे पाहिलं नसेल. गाडीत मात्र अजून तोच कारभार आहे. प्रमाणाबाहेर करंट आला की फ्यूजमधली पट्टी आधी वितळते आणि पुढची वायर जळण्यापासून वाचते.

फ्यूज असतात कुठे?

बहुतेक गाड्यांत दोन पेट्या असतात. एक डॅशबोर्डखाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, दुसरी बॉनेटखाली बॅटरीजवळ. कोणता फ्यूज कशाचा, याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडतो. अनेक गाड्यांत फ्यूज काढायचा प्लास्टिकचा छोटा चिमटाही पेटीतच अडकवलेला असतो.

बदलायचा कसा?

१. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्या, हॅझर्ड दिवे लावा. जागा धोक्याची असेल, तर आधी सगळ्यांना रस्त्यापासून लांब उभं करा.

२. फ्यूज काढण्याआधी इंजिन बंद, किल्ली बाहेर. वायपर, एसी, दिवे अशी सगळी बटणं बंद. हात कोरडे हवेत. बॉनेटखालची पेटी भर पावसात उघडू नका.

३. नकाशात बघून नेमका तोच फ्यूज चिमट्याने सरळ ओढा. स्क्रू-ड्रायव्हर किंवा स्वयंपाकघरातला सांडशी-चिमटा तिथे घालू नका.

४. फ्यूज उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली, तर तो गेला. पट्टी अखंड असेल तर बिघाड बहुधा दुसरीकडे आहे. तो फ्यूज परत जागेवर बसवा.

५. नवा फ्यूज त्याच आकाराचा आणि त्याच अँपिअरचा घ्या. नीट दाबून बसवा आणि मग तपासा.

अँपिअरचा आकडा फ्यूजच्या डोक्यावर छापलेला असतो. नेहमीच्या पात्यांच्या फ्यूजना रंगही ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. तरी रंगावर न जाता आकडा वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं

लाल फ्यूज सारखा उडतो म्हणून "हिरवा टाक, टिकेल" असा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका. १० अँपिअरचा फ्यूज तिथे असतो, कारण पुढची वायर त्याच हिशेबाने निवडलेली असते. तिथे ३० चा बसवला, तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर तापेल. तिचं आवरण वितळेल, गाडीला आगही लागू शकेल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा लावणं तर त्याहून वाईट. तिथे मग संरक्षणच उरत नाही.

जवळ जादा फ्यूज नसेल, तर रेडिओसारख्या नसला तरी चालणाऱ्या गोष्टीचा त्याच आकाराचा, त्याच आकड्याचा फ्यूज तात्पुरता वापरता येतो. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर तिसरा लावू नका. मोटारीत किंवा वायरिंगमध्ये दोष आहे, तो ऑटो इलेक्ट्रिशियनला शोधू द्या.

चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज बऱ्याचदा आपल्याच हाताने उडतो. सॉकेटवर १२० वॅट लिहिलेलं असेल, तर १२ व्होल्टला तो १० अँपिअरच झेलू शकतो. हवा भरायचा पंप त्याहून जास्त ओढत असेल तर फ्यूज जाणारच. पंप घेताना त्यावरचा आकडा बघा.

एअरबॅग आणि एबीएसचे फ्यूज, बोल्टने आवळलेले मोठे फ्यूज आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरी यांना घरी हात लावायचा नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

येत्या रविवारी गाडी धुताना दोन्ही पेट्या उघडून बघा, नकाशाचा फोटो फोनमध्ये ठेवा. तुमच्या गाडीत ज्या आकड्यांचे फ्यूज आहेत, त्यांतले दोन-दोन घेऊन एका डबीत टाका आणि डबी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. घरात गाडी चालवणारे जेवढे आहेत, आई-काकूंसकट, सगळ्यांना ती जागा दाखवून ठेवा.