खर्जाचा घुमारा आणि वयस्कर कान

‘सासऱ्यांचे वय बहात्तर. सकाळी अभंग आणि रात्री नाट्यगीते ऐकण्याची त्यांना आवड आहे. डग्गा घुमला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. कमी खर्चात, परंतु दमदार बेस असलेले इअरफोन कोणते घ्यावेत?’ असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. प्रश्न दुकानाचा वाटला तरी त्याचे निम्मे उत्तर कानाच्या शरीरशास्त्रात आहे.

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते, ते सर्व स्वरांच्या बाबतीत सारखे नसते. प्रथम क्षीण होते ती उंच, बारीक ध्वनींची जाणीव. खर्जातले ध्वनी बहुधा बरीच वर्षे शाबूत राहतात. म्हणूनच आजोबांना तबल्याचा ठेका स्पष्ट ऐकू येतो, पण गाण्यातले शब्द निसटतात. स, श, फ, ट, ख ही व्यंजने उंच ध्वनींच्या आधाराने ओळखली जातात. तो आधार सुटला की ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गोंधळ होतो.

येथेच बेसचा धोका आहे. मोठा जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो, हा श्रवणाचा नियमच आहे. बेस अवास्तव वाढविलेल्या इअरफोनमध्ये डग्गा घुमतो खरा, पण गायकाचे शब्द त्याखाली दबतात. शब्द कळावेत म्हणून आवाज वाढविला जातो, त्याबरोबर बेसही वाढतो आणि हे चक्र थांबत नाही. बहुतेक घरांत याच इअरफोनवर परगावच्या मुलानातवंडांशी बोलणेही होते. बोलणे नीट कळेनासे झाले की वृद्ध माणूस ‘हो, हो’ म्हणून फोन लवकर ठेवू लागतो. एकटेपणाची सुरुवात पुष्कळदा अशी नकळत होते.

मग बेस नकोच काय? तसे मुळीच नाही. खर्जावाचून संगीत पोकळ वाटते. मात्र चांगला बेस बहुतांशी कानातील घट्ट बसणीतून मिळतो. रबरी टोपी सैल असेल तर खर्जाचे ध्वनी फटीतून निसटतात आणि महागडा इअरफोनही पत्र्यासारखा वाजतो. डब्यात सहसा लहान, मध्यम व मोठ्या अशा टोप्यांच्या जोड्या असतात. त्या सर्व लावून पाहाव्यात. दोन्ही कानांना वेगळे माप लागू शकते. नीट बसली की मध्यम आवाजातही डगा भरदार ऐकू येतो. हा उपाय फुकटचा आहे.

खरेदीच्या वेळी डब्यावरील ‘एक्स्ट्रा बेस’ या शब्दांना किंवा ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. तो आकडा जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतो. शक्य असल्यास आजोबांना बरोबर न्यावे आणि त्यांच्या ओळखीचे एक गाणे व एक भाषण लावून ऐकवावे. मध्यम आवाजात शब्द स्पष्ट कळले, तर निवड योग्य. पाचशे ते हजार रुपयांच्या दरम्यान वायरचे चांगले इअरफोन मिळतात. त्यांना चार्जिंगची कटकट नसते. मात्र फोनला गोल छिद्र आहे की टाइप-सी, हे आधी पाहावे. बोटांत संधिवात असेल तर सुटे, इवलेसे बड्स टाळावेत. ते हातातून पडतात आणि हरवतात. गळ्यात राहणारा नेकबँड अधिक सोयीचा.

नेकबँडविषयी एक महत्त्वाची सूचना. त्याच्या टोकांत चुंबक असतात. छातीत पेसमेकर बसविलेला असेल, तर इअरफोन, बड्सची डबी किंवा नेकबँडची टोके त्यापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावीत. शर्टाच्या वरच्या खिशात तर ती ठेवूच नयेत.

आवाज किती असावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तास सुरक्षित आहे. परंतु आवाज ९० डेसिबलवर गेला की तीच मर्यादा केवळ ४ तासांवर येते. व्यवहारात फोनचा आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा. फोनच्या इक्वलायझरमध्ये बेस थोडा उतरविला तर शब्द उठून येतात. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर सेटिंगमधील ‘मोनो ऑडिओ’ सुरू करावा. त्यामुळे दोन्ही बाजूंचे संगीत चांगल्या कानात एकत्र ऐकू येते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्यावर बाहेरून बसणारा मोठा हेडफोन आपल्या ऑडिओलॉजिस्टना विचारून निवडावा.

कानात घुसणारे इअरफोन मळ आत ढकलतात. ऐकू कमी येते म्हणून नवे यंत्र घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. कधी कधी केवळ मळ काढल्याने ऐकणे सुधारते. काडी, पिन वा कापसाचा बोळा कानात घालू नये. टोप्या आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात व त्या दुसऱ्याला वापरायला देऊ नयेत. मधुमेही व्यक्तीच्या कानात ठणका किंवा स्राव असेल तर इअरफोन बंद करून त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अशा व्यक्तींत कानाचा संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. रस्त्यावर फिरताना इअरफोन लावू नयेत. मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज हीच वृद्धांची ढाल असते.

शेवटी एक गोष्ट घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावी. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर ‘वय झाले’ म्हणून थांबू नये. ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, कारण उपचारांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो. आवाज हळूहळू वाढवावा लागत असेल, तर श्रवणचाचणी करून घ्यावी आणि इअरफोनची खरेदी त्यानंतरच करावी.