७९ टक्क्यांत खकनार कुठे?

२०२१ चा मे महिना आठवा. खकनारला आमच्या गल्लीत जवळजवळ घरटी एक माणूस तापाने पडला होता. तोंडाची चव गेली, वास येईना. काढे झाले, गोळ्या झाल्या, आठ-दहा दिवसांनी बहुतेक जण उठून शेतात गेले. माझा चुलता मात्र उठला नाही. तपासणी कुणीच केली नव्हती. पॉझिटिव्ह आलो तर उचलून बऱ्हाणपूरला नेतील, ही धास्ती. त्यामुळे सरकारी यादीत आमची गल्ली कोरीच राहिली.

अशा न मोजलेल्या आजाराची खूण रक्तात उरते. विषाणू निघून गेला तरी त्याच्याशी लढलेल्या अँटिबॉडी काही महिने टिकतात. सोडत काढल्यासारखी माणसं निवडायची, रक्त तपासायचं आणि किती जणांना संसर्ग होऊन गेला याचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षाच ही. पण शीत त्याच भांड्यातलं हवं ना!

त्या जुलैत आयसीएमआरच्या चौथ्या सर्वेक्षणाचे आकडे आले. देशात ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी, मध्य प्रदेशात ७९ टक्के. आमच्याकडे लगेच मास्क खुंटीला गेले. ‘आता झालं सगळ्यांना.’ पण मध्य प्रदेशातले नमुने होते देवास, उज्जैन आणि ग्वाल्हेर जिल्ह्यांतले. बऱ्हाणपूर त्यात नव्हतंच. शिवाय लशीनेही अँटिबॉडी तयार होतात, म्हणजे ७९ मधले सगळेच आजारातून गेलेले नव्हते.

एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्याला का लावू नये, हे मुंबईने आधीच दाखवलं होतं. जुलै २०२० मध्ये तिथल्या तीन वॉर्डांत तपासणी झाली: झोपडपट्टीत ५७ टक्के, बाहेरच्या वस्तीत १६. वॉर्ड तेच, महिना तोच! मग उज्जैनवरून खकनारच्या कोरकू पाड्यांचं काय कळणार?

केंद्राने तेव्हा राज्यांना जिल्हावार सर्वेक्षण करायला सांगितलं होतं. माझं म्हणणं, आपल्यासारख्या ठिकाणी तालुकावार करा. आता लशी झाल्या, काळ गेला, त्या मे महिन्याचा हिशोब लागणार नाही. चुलत्याचा तर तेव्हाही लागला नसता. सर्वेक्षणात रक्त जिवंत माणसाचंच घेतात. पण पुढची साथ आली तर रक्त घ्यायला येणाऱ्यांबरोबर दारोदार जायला कोरकू, मराठी, निमाडी बोलणारी पोरं लागतील. ती आपल्याच वर्गात बसलेली आहेत.