विश्लेषण : नवा पार्ट महिन्याभरात बिघडला, दुकानदार म्हणतो ‘कंपनीला विचारा’… ग्राहकाने काय करायचे?

दुचाकीचा सुटा भाग सदोष निघाला की दुकानदार मेकॅनिककडे बोट दाखवतो, मेकॅनिक दुकानदाराकडे आणि दोघे मिळून कंपनीकडे. या त्रिकोणात ग्राहकाचे पैसे, रजा आणि कधी कधी जीवही अडकतो. कायद्याने याचे उत्तर बरेच स्पष्ट दिले आहे. ते दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

वाद नेमका कुठे अडतो?

नेहमीचा प्रसंग असा. गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर मेकॅनिक सांगतो, चेनसेट गेला आहे. तोच शेजारच्या दुकानातून सेट आणतो, बसवतो आणि कागदाच्या चिटोऱ्यावर मालाचे व मजुरीचे मिळून एकच आकडे लिहून देतो. जुना सेट भंगाराच्या डब्यात जातो. तीन आठवड्यांत चेन सैल पडते, आवाज येऊ लागतो. दुकानदार म्हणतो, ‘फिटिंग चुकले.’ मेकॅनिक म्हणतो, ‘मालच तसा आला.’ दोघांचेही म्हणणे प्रत्येक वेळी खोटे नसते. जुन्या स्प्रॉकेटवर नुसती नवी चेन चढवली तर ती लवकर झिजते; ब्रेक फार कसून ठेवला तर चांगल्या प्रतीचे ब्रेक शूही टिकत नाहीत. पण दोष मालात की बसवण्यात, हे ठरवायला लागणारा पुरावाच अशा व्यवहारात उरत नाही. कोणता पार्ट, कोणत्या कंपनीचा, कोणत्या तारखेला आणि कोणी बसवला, याची कुठेही नोंद नसते. वाद हरण्याची तयारी खरेदीच्या दिवशीच झालेली असते.

दुकानदार ‘मी फक्त विकतो’ म्हणून सुटतो का?

नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू विकणाऱ्याविरुद्धही तक्रार करता येते. दोष सिद्ध झाला तर वस्तू दुरुस्त करून देणे, बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. मेकॅनिकचे काम ही ‘सेवा’ ठरते. त्यामुळे पार्ट चांगला पण बसवणे चुकीचे असेल, तर ती सेवेतील त्रुटी असते आणि तिची जबाबदारी गॅरेजवर येते. दोष नेमका कोणाचा हे ग्राहकाला सांगता येत नसेल, तर दुकान, गॅरेज आणि उत्पादक अशा तिघांनाही एकाच तक्रारीत सामील करता येते.

सदोष भागामुळे अपघात होऊन इजा झाली, तर त्याच कायद्यातील ‘उत्पादन दायित्वा’च्या तरतुदी लागू होतात. त्यातले कलम ८६ दुकानदारांनी मुद्दाम वाचावे असे आहे. वस्तूचा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येते. निनावी खोक्यातला ‘लोकल’ माल स्वस्तात विकणाऱ्याने उत्पादकाची जोखीमही आपल्या अंगावर घेतलेली असते.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी चालते का?

सदोष मालाच्या बाबतीत चालत नाही. आवड बदलली किंवा चुकीच्या मॉडेलचा पार्ट नेला म्हणून परतावा मागणे ही गोष्ट वेगळी. पण माल सदोष असताना तो परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे ही कायद्याच्या भाषेत ‘अनुचित व्यापार प्रथा’ आहे. परत घेण्याची मुदत बिलावर छापलेली असेल तर ती लागू होते; छापलेली नसेल तर ३० दिवस. बिल किंवा पावती न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानाने कराचे बिल देण्याचा प्रश्न येत नाही, पण साधी रोख पावती त्यानेही दिलीच पाहिजे. ऑनलाइन खरेदीतही सदोष माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तिथे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण करणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केले आहे.

मग ‘बिल हवे की बिलाशिवाय?’ हा प्रश्न अजून का विचारला जातो? सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्याचे आमिष दोघांनाही असते. वाचलेले शे-दोनशे रुपये दिसतात. त्यांच्या बदल्यात सोडून दिलेला हक्क दिसत नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काय घडते?

तिथे बिल मिळते, पण वाद संपत नाहीत. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल यांसारखे झिजणारे भाग बहुतेक कंपन्या वॉरंटीतून वगळतात आणि प्रत्येक बिघाड ‘झीज’ या शब्दात बसवण्याचा मोह सेंटरला होतो. दुसरे ठरलेले उत्तर असते, ‘गाडी बाहेर उघडली, वॉरंटी गेली.’ भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तेव्हा याच पवित्र्यावर बोट ठेवले होते. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी नाकारू नये. बाहेरच्या सदोष कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी, असे त्या आदेशाचे म्हणणे होते. प्रकरण मोटारींचे होते आणि दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. पण त्यामागचे तत्त्व दुचाकीस्वारालाही उपयोगी आहे.

विद्युत दुचाकींमध्ये ग्राहक आणखी अगतिक असतो, कारण कोपऱ्यावरच्या गॅरेजला त्यातले फारसे काही करता येत नाही. एका मोठ्या विद्युत दुचाकी कंपनीबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे वर्षभरात १० हजारांवर तक्रारी आल्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कारणे दाखवा नोटीस बजावली. कंपनीने ९९ टक्क्यांहून अधिक तक्रारी सोडवल्याचा दावा केला. पुढे सविस्तर चौकशीचे आदेश निघाले. एकेकट्याने सेंटरच्या काउंटरवर घातलेला वाद तिथेच विरतो, नोंदवलेली तक्रार मात्र मोजली जाते, हा यातला धडा आहे.

बनावट माल ओळखायचा कसा?

खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क असणे वेष्टित वस्तूंच्या नियमांनी आवश्यक आहे. यातले काही नसेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. टायर आणि हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नामांकित कंपनीचे खोटे चिन्ह लावलेला माल विकणे हा ट्रेडमार्क कायद्याखाली सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे. स्वस्त पर्यायी पार्ट आणि बनावट पार्ट यांतला फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. स्वतःच्या नावाने विकला जाणारा स्वस्त पार्ट हा प्रामाणिक व्यवहार असू शकतो. दुसऱ्याच्या नावाने विकलेला कधीच नाही.

तक्रार कुठे आणि किती खर्चात?

आधी दुकानाला लेखी कळवावे. व्हॉट्सॲप संदेशही कामी येतो. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण ती कंपनीशी संपर्क साधून तडजोड घडवू शकते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. दुकान कोणत्याही गावात असो, ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइन सोयही आहे. गरज भासल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणूनच सदोष पार्ट दुकानात ठेवून येऊ नये, निदान छायाचित्र आणि पोच घ्यावी. दुचाकीवर घरपोच सेवा देऊन पोट भरणाऱ्यालाही हा मार्ग मोकळा आहे. धंद्यासाठी खरेदी करणारा ग्राहक ठरत नसला, तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला कायद्याने त्या अपवादातून वगळले आहे.

पण ४०० रुपयांसाठी एवढे कोण करणार?

बेजबाबदार दुकानदाराचा सारा हिशेब याच प्रश्नावर उभा आहे. कायद्याने निकालासाठी तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने अशी मुदत घातली आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. एका दिवसाचा रोज बुडवून ब्रेक शूसाठी आयोगात जाणे बहुतेकांना परवडत नाही. त्यामुळे फक्त ‘ग्राहकाने जागरूक राहावे’ असे सांगणे म्हणजे ज्याच्याकडे वेळ सर्वांत कमी, त्याच्यावरच सगळे ओझे टाकणे आहे.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. छोट्या दुकानदाराने सदोष पार्ट बदलून दिला, तरी वितरक तो त्याच्याकडून परत घेईलच असे नाही. तोटा त्याच्या गल्ल्यातून जातो, म्हणून तो ग्राहकावर ओरडतो. उत्पादकांनी आणि वितरकांनी दुकानदाराकडून सदोष माल ठरावीक मुदतीत बिनबोभाट परत घेतला, तर काउंटरवरची निम्मी भांडणे उद्भवणारच नाहीत. गॅरेजमध्ये माल आणि मजुरी वेगळी लिहिणे, पार्टचे नाव व क्रमांक नोंदवणे, जुना पार्ट ग्राहकाला दाखवून परत देणे आणि दावा नाकारला तर कारण लेखी देणे, या चार गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. वैधमापन आणि जीएसटी यंत्रणांनी सुट्या भागांच्या बाजारपेठांत अधूनमधून फेरी मारली, तरी बिलाची सवय लागेल.

ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आज कायदा आहे, हेल्पलाइन आहे, आयोगही आहे. पण घाटात उतारावर ब्रेक दाबणाऱ्याला यातले काही सोबत नसते. त्याच्या सोबत असतो तो फक्त दुकानाने विकलेला पार्ट. तो बिलावर लिहून विकण्याइतका विश्वास दुकानदाराला स्वतःच्या मालावर नसेल, तर तो ग्राहकाने का ठेवावा?